पातळ कवचाची अंडी

प्रश्न : कुळागरात (पोफळीच्या बागेत) मोकळ्या सोडलेल्या माझ्या गावठी कोंबड्या भात, कोंडा नि किडे खातात. तरी अंडं हातात घेताच फुटतं. विकतचं खाद्य घालायचं नाही. काय करू? — एक वाचक, सत्तरी तालुका, गोवा

उत्तर : ताई, भात-कोंड्यात कॅल्शियम नगण्य, अंडी घालणाऱ्या कोंबडीला खाण्यात ते साडेतीन-चार टक्के लागतं. तिसऱ्या खाऊन त्यांच्या शिंपल्या फेकताच ना? त्या धुऊन, खडखडीत वाळवून जाडसर कुटा. पीठ नको, कणीएवढे तुकडे राहू देत. ते पोटात हळूहळू विरघळतात, म्हणून रात्रीही कॅल्शियम मिळत राहतं, आणि कवच बहुतेक रात्रीच बनतं. दाण्यात मिसळू नका, वेगळ्या करवंटीत ठेवा. हवं तेवढं कोंबडी स्वतः टिपते. पिल्लांना मात्र नको, त्यांच्या मूत्रपिंडांना एवढं कॅल्शियम सोसत नाही. सुकी मासळी घालायची तर बिनमिठाची, तीही थोडीच. नाहीतर ऑम्लेटला बांगड्याचा वास. (मला चालतो, गिऱ्हाइकाला नाही.)