किराणा दुकानदाराच्या मुलीने सुपरमार्केटच्या नोकरीत जावं का?

प्रश्न : सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं आजोबांपासूनचं किराणा दुकान आहे. मी यंदा बारावी कॉमर्सला आहे. बायपासला मोठं मार्ट सुरू झालं आणि महिन्याची यादी देणारं आमचं गिऱ्हाईक तिकडे गेलं. उरले ते उधारीवाले आणि किरकोळ नेणारे. मला रिटेल मॅनेजमेंट शिकून अशाच एखाद्या साखळीत काम करायचंय. बाबा म्हणतात, "ज्यांनी आपलं गिऱ्हाईक नेलं, त्यांच्याच दारात पिशव्या भरत उभी राहणार का?" मामा म्हणतो, बँकेच्या परीक्षा दे. या क्षेत्रात खरंच करिअर आहे का? कोर्स कुठला करू? (नाव छापू नये ही विनंती.)

प्रिय विद्यार्थिनी,

बाबांच्या बोलण्यात राग आहे, पण त्यातला प्रश्न अगदी रास्त आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते. सुपरमार्केटमध्ये सगळ्यात जास्त माणसं लागतात ती रॅक भरायला, बिलिंगला आणि गोदामात. यातली बरीच भरती कंत्राटदारामार्फत होते आणि पगार बेताचा असतो. तिथेच पाच-सहा वर्षं अडकून राहिलेली मुलंमुली माझ्याकडे सल्ल्याला येतात. तेव्हा 'रिटेलमध्ये करिअर आहे का' याचं उत्तर 'आहे' असं देऊन मी मोकळी झाले, तर ती तुझी फसवणूक ठरेल. तू कुठल्या कामापर्यंत पोचायचं ठरवतेस, यावर ते उत्तर अवलंबून आहे. माझं मत स्पष्ट आहे : खरेदी आणि मालसाठा या दोन कामांकडे नजर ठेवून जाणार असशील तर जरूर जा. नुसतं 'मार्टमध्ये नोकरी' एवढंच डोक्यात असेल, तर मामाचं ऐकलेलं बरं.

असं का म्हणते ते सांगते. किराण्याच्या धंद्यात पैसा विकताना दिसतो, पण सुटतो तो खरेदीत, हे तुझ्या बाबांना कुणी शिकवायची गरज नाही. मोठ्या साखळ्याही त्याच नियमावर चालतात. डीमार्टचे राधाकिशन दमाणी मूळचे शेअर बाजारातले. स्वतःचं दुकान काढण्याआधी, १९९९च्या सुमारास, त्यांनी नवी मुंबईत नेरूळला 'अपना बाजार'ची फ्रँचायझी चालवून पाहिली. अपना बाजार म्हणजे १९४८ साली मुंबईच्या नायगावात कामगारांनी उभी केलेली ग्राहक सहकारी संस्था. म्हणजे या धंद्याचे धडे त्यांनी आपल्याकडच्याच सहकारी दुकानात घेतले. पुढे २००२ मध्ये पवईला पहिलं डीमार्ट उघडलं. २०१७ साली कंपनी शेअर बाजारात आली आणि मार्च २०२५ अखेर तिची ४१५ दुकानं होती.

डीमार्टचं गणित बाबांबरोबर बसून मांडून बघ. २०२४-२५ ची विक्री सत्तावन्न हजार कोटींच्या वर, पण शंभर रुपयांच्या विक्रीमागे निव्वळ नफा साधारण पाच रुपये. मग जमतं कसं? पुरवठादाराचे पैसे ते आठवडा-दहा दिवसांत देऊन टाकतात. पैसे लवकर हातात पडतात म्हटल्यावर तो भाव पाडून देतो. जागा शक्यतो स्वतःच्या मालकीच्या, त्यामुळे भाड्याची टांगती तलवार नाही. शिवाय दुकानात आलेला माल सरासरी महिनाभरात विकला जातो. समज, शंभर रुपयांचा माल दोन महिने पडून राहिला आणि त्यावर बारा रुपये सुटले, तर वर्षाचे झाले बहात्तर. तोच माल दरमहा विकला जाऊन प्रत्येक वेळी सातच रुपये सुटले, तर चौऱ्याऐंशी. गिऱ्हाइकाला स्वस्त दिलं आणि कमावलंही जास्त. तुमच्या दुकानातला पैसा उधारीच्या वहीत अडकून पडतो आणि इथे तो सतत फिरत राहतो. फरक इथे आहे. बाबांच्या कष्टात किंवा सचोटीत काही कमी होतं म्हणून गिऱ्हाईक गेलं नाही, हे त्यांना तुझ्याकडून कळलं तर जास्त बरं.

आता मालसाठ्याचं काम म्हणजे काय ते एका जिनसावरून बघू. आषाढी एकादशीचा साबुदाणा घे. सोलापूर जिल्ह्यातल्या दुकानाला पंढरपूरच्या वारीचं महत्त्व सांगायला नको. दुकानाचा संगणक मागच्या काही आठवड्यांची विक्री किंवा गेल्या वर्षीचा तोच आठवडा बघून मागणी सुचवतो. पण आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जुलैला आणि २०२५ मध्ये ६ जुलैला. गेल्या वर्षीच्या तारखा धरून मागणी लावली, तर ऐन एकादशीच्या आदल्या दिवशी साबुदाणा, भगर, शेंगदाणे सगळ्याचे रॅक रिकामे, आणि माल येणार दहा दिवसांनी, उपास सुटल्यावर! मग तो पडून राहतो, त्यात भांडवल अडकतं आणि शेवटी घाट्यात काढावा लागतो. हे ज्याच्या आधीच लक्षात येतं आणि जो वितरण केंद्राला तीन आठवडे अगोदर वाढीव मागणी कळवतो, त्या माणसाची कंपनीत किंमत असते. नवरात्र, संक्रांतीचे तीळ-गूळ, पाडव्याच्या साखरगाठी, दिवाळीआधी भाजणी आणि पोह्यांची मागणी, हे सगळं तू लहानपणापासून काउंटरमागून बघत आली आहेस. मोठ्या शहरातून व्यवस्थापनाची पदवी घेऊन आलेल्या मुलांना हे वर्षभर शिकावं लागतं. मुलाखतीत घरच्या दुकानाचा उल्लेख दबकत करू नकोस, तो पहिल्या पाच मिनिटांत यायला हवा.

या कामांची कंपनीतली नावं लक्षात ठेव : बाइंग किंवा कॅटेगरी, म्हणजे कुठला माल कुणाकडून काय भावाने घ्यायचा; रिप्लेनिशमेंट किंवा इन्व्हेंटरी प्लॅनिंग, म्हणजे कुठल्या दुकानाला कधी किती पाठवायचा; आणि सप्लाय चेन, म्हणजे वितरण केंद्र आणि गाड्या. ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्ट यांची दहा-पंधरा मिनिटांत सामान पोचवणारी गोदामंही याच लोकांच्या जिवावर चालतात. तिथे जागा कमी आणि चूक लगेच दिसते, म्हणून अशा माणसांना शहरांत मागणी आहे.

पण थेट तिथे कुणी बसवत नाही. निदान वर्षभर दुकानाच्या फ्लोअरवर काढावं लागतं, आणि ते काढलंच पाहिजे असं माझंही मत आहे. माल उतरवून घेताना बिलाशी नग जुळवणं, एमआरपी आणि मुदतीची तारीख तपासणं, आधी मुदत संपणारा माल पुढे लावणं, फुटलेल्या-फाटलेल्या पाकिटांची नोंद ठेवणं हे हाताने केल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. फक्त आत शिरतानाच विचार, "फ्लोअरवरून खरेदी किंवा प्लॅनिंगला जायची तुमच्याकडे काय पद्धत आहे? गेल्या वर्षी किती जण गेले?" उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरी कंपनी बघ.

कंपनी पारखून घ्यायला मी एवढं का सांगते? या क्षेत्रात मोठमोठी नावं कोसळलेली आहेत. चेन्नईची 'सुभिक्षा' ही किराणा दुकानांची साखळी १९९७ मध्ये सुरू झाली, देशभर सोळाशेच्या आसपास दुकानं झाली आणि २००९च्या सुरुवातीला सगळी बंद पडली. कर्ज काढून इतक्या वेगाने पसरले की शेवटी माल भरायला आणि पगार द्यायला पैसे उरले नाहीत. २००१ मध्ये आलेलं 'बिग बझार' घराघरांत पोचलं होतं. २६ जानेवारीच्या सेलच्या रांगा तुझ्या आईबाबांनी टीव्हीवर पाहिल्या असतील. त्याचीही मूळ कंपनी कर्जात गेली आणि २०२२ मध्ये बऱ्याचशा दुकानांच्या जागा रिलायन्सने ताब्यात घेतल्या. दुकानात गर्दी आहे म्हणजे कंपनी धडधाकट आहे असं समजू नकोस. तू कॉमर्सची आहेस, ताळेबंद वाचता यायला हवा. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा वार्षिक अहवाल तिच्या वेबसाइटवर फुकट मिळतो. कर्ज किती, माल किती दिवसांत फिरतो, ते बघ. अशा मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांना, शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमाने, 'व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल'ही द्यावा लागतो. त्यात कायम आणि कंत्राटी माणसं किती, वर्षभरात किती टक्के लोक सोडून गेले, लैंगिक छळाच्या तक्रारी किती आल्या, हे छापलेलं असतं. नोकरीला जाणाऱ्या मुलीसाठी याहून उपयोगाची पानं नाहीत, आणि ती फारसं कुणी उघडत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

कोर्सबद्दल थोडक्यात. 'रिटेल' असं नाव असलेला कोर्सच हवा असा हट्ट धरू नकोस. बीएमएस किंवा बीबीए ही व्यवस्थापनाची पदवी चालेल, त्यासाठी महाराष्ट्रात २०२४ पासून सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. बी.व्होक. रिटेल (व्यवसाय-शिक्षणाची पदवी) किंवा पदवीतच अप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीत शिकाऊ म्हणून काम, असलेला अभ्यासक्रम जवळपास मिळत असेल तर उत्तम; तीन वर्षांत प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि विद्यावेतनही मिळतं. तेही नसेल तर साधं बी.कॉम. कर, पण संख्याशास्त्र घे आणि एक्सेल इतकं पक्कं कर की हजार ओळींची विक्रीची शीट बघून घाबरायला होऊ नये. भरमसाठ फी घेऊन 'शंभर टक्के प्लेसमेंट' सांगणाऱ्या खासगी डिप्लोमांपासून लांब राहा. गेल्या बॅचची मुलं कुठल्या पदावर लागली ते लेखी मागितलं की खरं-खोटं लगेच कळतं. पदवीनंतर एमबीए करायचं ठरलं, तर पुण्याची वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था किंवा जयपूरची राष्ट्रीय कृषी विपणन संस्था यांचे कृषी-व्यवसायाचे अभ्यासक्रम बघ. धान्य-कडधान्याच्या खरेदीत जायचं असेल, तर नुसत्या रिटेलच्या एमबीएपेक्षा ते जास्त कामाचे.

कामाच्या वेळांबद्दल घरी आधीच बोलून ठेव. शनिवार-रविवार आणि सणासुदीला सुट्टी मिळत नाही, त्याच दिवशी खरा धंदा असतो. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे बाईला रात्री साडेनऊनंतर कामाला ठेवायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षिततेची व घरी पोचवण्याची जबाबदारी मालकाची असते. संमतीच्या कागदावर न वाचता सही करू नकोस. उभं राहण्याचा त्रासही खरा आहे. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला मिळण्याचा हक्क कायद्यातच लिहिला, तो उगाच नाही. मुलाखतीला जाशील तेव्हा कॅशियर बायकांना बसायला स्टूल आहे का ते बघून ये. तिथली वागणूक त्यावरून कळते.

मामाच्या बँकेबद्दल माझं म्हणणं एवढंच : परीक्षा पदवीनंतर द्यायच्या असतात, तेव्हा आज त्यावर भांडायची गरज नाही. मालसाठ्याच्या कामासाठी पक्कं केलेलं अंकगणित तिथेही कामी येईल.

आणि बाबा. त्यांना पटवण्यासाठी 'शिकून येऊन आपलंच दुकान मोठं करीन' असं वचन देऊ नकोस. ते तुझ्या गळ्यात पडेल, आणि दहा वर्षांनी तुला काय हवं असेल ते आज सांगता येत नाही. त्याऐवजी परीक्षा संपल्यावर सुट्टीत त्यांच्या दुकानातल्या पन्नास जिनसांची एक वही घाल. कुठला माल कुठल्या तारखेला किती आला, काय भावाने, कधी संपला, किती वाया गेला आणि त्यातला उधारीवर किती गेला. रोज रात्री दुकान बंद करताना अर्धा तास पुरेल. महिन्याच्या शेवटी दोघं मिळून बघा. सात-आठ जिनसा तरी अशा सापडतील ज्यांत पैसा नुसताच अडकून पडलाय, आणि दोन-तीन अशा, ज्या मार्टपेक्षा तुमच्याकडेच चांगल्या मिळतात : गावच्या गिरणीचं पीठ, ओळखीच्या शेतकऱ्याची ज्वारी, घरगुती शेंगाचटणी. पहिल्या कमी करून दुसऱ्या वाढवता येतात का, ते त्यांना ठरवू दे. दुकान त्यांचं आहे. तुला या कामात रस टिकतो की महिनाभरात कंटाळा येतो, ते मात्र त्या वहीवरून कळेल. कंटाळा आला तर नाइलाजाने रिटेलकडे जाऊ नकोस. रस टिकला तर वही जपून ठेव आणि अप्रेंटिसशिपच्या मुलाखतीला सोबत ने. अठरा वर्षांच्या मुलीने स्वतः ठेवलेला मालसाठ्याचा हिशेब बघितल्यावर समोरचा माणूस पुढचे प्रश्न वेगळेच विचारेल.

सीईटीचे अर्ज बारावीचा निकाल लागण्याच्या बरेच आधी निघतात. सीईटी सेलच्या वेबसाइटवर आठवड्यातून एकदा बघत जा, आणि जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला लागणार असेल तर तहसीलमध्ये आत्ताच अर्ज टाक. दरवर्षी चांगल्या मुलांचे प्रवेश तिथेच अडतात.