खिडकीजवळची जागा त्याला द्या

प्रश्न : नमस्कार बाई. आम्ही निपाणीला राहतो. आमच्या गावात रेल्वे नाही, तरी माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलाला रेल्वेचं भलतंच वेड आहे. त्याच्यासाठी दोन पुस्तकं आणली. एक इंग्रजी, त्यात बुलेट ट्रेन, मोनोरेल अशी नावं आणि चित्रं. दुसरं मराठी, पण पानभर मजकूर. मी वाचायला लागले की हा पान उलटून मोकळा! अंगणवाडीत सगळं कन्नडमध्ये चालतं, म्हणून सासूबाई म्हणतात घरात मराठीच पुस्तक आण, आणि हे म्हणतात कन्नड आण, पुढं शाळेत उपयोगी पडेल. दिवाळीत खानापूरला आत्याबाईंकडे जायचं आहे. तेव्हा बेळगावपासून त्याला पहिल्यांदाच रेल्वेनं नेणार आहोत. त्याआधी कसलं पुस्तक आणू?
– एक आई, निपाणी

उत्तर : ताई, पत्र वाचून फार आनंद झाला, कारण रेल्वे हा माझ्याही जिव्हाळ्याचा विषय. माझे वडील गुंजीजवळ रेल्वेत चावीवाले होते. खांद्यावर हातोडा आणि पाना, हातात लाल-हिरवे झेंडे, आणि रोज सकाळी रुळांवरून पायी फेरी. कुठं रूळ घट्ट धरून ठेवणारी चावी सैल झाली, कुठं खडी सरकली, ते बघत जायचं. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, त्या पावसातही ही फेरी चुकायची नाही. पुढं मी खानापूर तालुक्यात ३१ वर्षं बालवाडी चालवली आणि रेल्वेची पुस्तकं मुलांच्या हातात पार चिंध्या होईपर्यंत पाहिली. त्या अनुभवावरून सांगते.

तुमचा मुलगा पान उलटतो, त्यात त्याचं काही चुकत नाही. त्याला पुढचं स्टेशन बघायचंय. या वयाला पानावर एक-दोन ओळी पुष्कळ झाल्या, आणि एकही ओळ नसली तरी चालतं. दुकानात पुस्तक हातात घ्याल तेव्हा मजकूर वाचू नका, डब्यांच्या खिडक्या बघा. प्रत्येक खिडकीत वेगळं माणूस आहे का? कुणी झोपलंय, कुणी डबा सोडून भाकरी खातंय, कुणाच्या मांडीवर लेकरू आहे, असं काही दिसतं का? पहिल्या पानावर चढलेली म्हातारी चौथ्या पानावर पुन्हा भेटते का? बाहेरचा देखावा बदलतो का, म्हणजे शेत, मग झाडी, मग नदी? तसं असेल तर पुस्तक घ्या. नुसतं रंगीत इंजिन आणि खाली त्याचं नाव, एवढंच असेल तर आज ठेवून द्या. तुमच्याकडचं इंग्रजी पुस्तक मात्र कुणाला देऊन टाकू नका. पाच-सहा वर्षांचा झाला की नावांची गोडी लागते, तेव्हा तो स्वतःच ते काढून बसेल.

लोंढ्याचा एक मुलगा माझ्याकडे होता, त्याचं सांगते. आमच्याकडे घाटातल्या गाडीचं एक मोठं चित्र होतं. हा पोरगा रोज खडू घेऊन शेवटच्या डब्यामागं आणखी एक इंजिन काढायचा. चित्र खराब होतंय म्हणून मी रागावणारच होते, तेवढ्यात तो म्हणाला, "बाई, घाट हाय नव्हं? मागनं ढकलायला नको?" त्याचं अगदी बरोबर होतं. गोव्यातल्या कुळ्याहून कॅसलरॉकला चढताना ३७ फूट पुढं गेलं की एक फूट चढ लागतो, इतका तो घाट उभा आहे, आणि गाडीला मागूनही इंजिनं लावतात. चित्रकाराला जे माहीत नव्हतं ते चार वर्षांच्या पोराला माहीत होतं. त्या दिवसापासून मी चित्र दाखवताना आधी गप्प बसायला शिकले. तुम्हीही पान उघडलं की मनात दहा आकडे मोजा. त्याचं बोट कुठं जातं ते बघा आणि तिथूनच बोलायला लागा.

आता भाषेचं. सासूबाईंचंही खरं आणि तुमच्या यजमानांचंही खरं. म्हणूनच मी आधी बिनशब्दांचं किंवा अगदी थोड्या शब्दांचं पुस्तक घ्या म्हणते. ते तुम्ही आपल्या निपाणीच्या बोलीत सांगा. 'गाडी आली रं, सरक मागं' असं घरात जसं बोलता तसंच. तेच पुस्तक अंगणवाडीत दिलंत तर तिथल्या टीचर कन्नडमध्ये सांगतील. मूल 'गाडी'ही म्हणेल आणि 'रैलु'ही म्हणेल, त्याचा काही गोंधळ होत नाही. माझ्या बालवाडीतली निम्मी मुलं तशीच वाढली. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मुलांची चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, उतरवून घेऊन छापताही येतात. तिथं बरीच पुस्तकं मराठीतही मिळतात आणि कन्नडमध्येही, चित्रं तीच. फोनवर दाखवण्यापेक्षा छापून घ्या, कारण कागदावर त्याला बोट ठेवता येतं, मागं जाता येतं. छापील मराठी पुस्तकं चाळायची असतील तर पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं जरूर बघा.

वाचताना आवाजाकडे थोडं लक्ष द्या. पुस्तकात 'झुकझुक' लिहिलेलं असतं, ते वाफेच्या इंजिनाचं. आमच्या लहानपणी रुळांचे तुकडे जोडलेले असायचे, प्रत्येक सांध्यावर चाक 'खटक-खटक' करायचं. आता रूळ लांबच लांब जोडून टाकलेत, त्यामुळं तो ठेका फारसा ऐकू येत नाही. तुमच्या मुलाला ऐकू येईल तो भोंगा आणि पुलावरचा धडधडाट. पुस्तकात नदीचं पान आलं की तिथं आवाज मोठा करा, मग खऱ्या पुलावर तो दचकणार नाही, उलट वाट बघेल.

मनासारखं पुस्तक नाहीच मिळालं तर दिवाळीआधी एक घरीच करा, मला तर तेच सगळ्यात जास्त आवडेल. जाड ड्रॉइंग पेपरची लांब पट्टी घ्या, पंख्यासारख्या घड्या घाला, एक घडी म्हणजे एक डबा. प्रत्येक डब्याला चौकोनी खिडकी अशी कापा की वरची बाजू जोडलेली राहील आणि झाकण उघडेल. झाकणामागं घरच्यांचे जुने फोटो गव्हाच्या खळीनं चिकटवा. एकात आज्जी, एकात आत्या, एकात शेजारची म्हैस असली तरी चालेल. वर स्टेशनांची नावं लिहा. बेळगाव, देसूर, इदलहोंड, खानापूर, आणि पुढं जाणाऱ्यांसाठी गुंजी, लोंढा. खऱ्या स्टेशनावर पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत कन्नड, हिंदी, इंग्रजी अशी तीन नावं दिसतील, तशीच पाटी पुस्तकातही काढा. कन्नड अक्षरं तुमच्या यजमानांकडून लिहून घ्या. पट्टी जमिनीवर पसरली की गाडी, मिटली की पुस्तक.

रुळाकडेला 'सी/फा' लिहिलेली एक पिवळी पाटी असते. पुढं फाटक आहे, शिटी वाजव, असं ती ड्रायव्हरला सांगते. ती एका घडीवर नक्की काढा. माझ्या बालवाडीत ती पाटी आली की सगळी पोरं एकदम भोंगा वाजवायची. आणि कुठंतरी झेंडा धरून उभा असलेला एक चावीवालाही काढा. छापील पुस्तकांत ड्रायव्हर असतो, गार्ड असतो, तिकीट तपासनीस असतो. रुळांवरून चालणारा माणूस मला एकाही पुस्तकात भेटला नाही.

एक डबा रिकामा ठेवा. त्यात कुणाला बसवायचं ते खानापूरहून परत आल्यावर मुलालाच ठरवू दे. आणि शेवटच्या डब्याच्या पाठीवर मोठी फुली काढायला विसरू नका. गाडी समोरून गेली की माझे वडील ती फुली दिसेपर्यंत हलायचे नाहीत. फुली दिसली म्हणजे मागं एकही डबा सुटलेला नाही, गाडी सगळीच्या सगळी गेली. मग ते झेंडे गुंडाळून पुढं चालायला लागायचे.