साठा, साठवण, बेगमी… आणि पेव

प्रश्न असा आहे : ‘युरोपातला वायूचा साठा ८० टक्के भरला’ हे वाक्य बरोबर आहे का? आणि हिवाळ्यासाठी नैसर्गिक वायू साठवण्याला ‘बेगमी’ म्हणता येईल का?

साठा म्हणजे साठलेला माल. तो वाढतो, घटतो, संपतो. भरते ती जागा. हा काथ्याकूट वाटेल, पण घोटाळा इथूनच होतो. युरोपीय संघाने २०२२ साली नियम केला की त्या वर्षी १ नोव्हेंबरपर्यंत साठवण किमान ८० टक्के भरलेली हवी. हे ८० टक्के जागेचे आहेत, गरजेचे नव्हेत. तिथल्या हिवाळ्यातल्या वापरापैकी साधारण २५ ते ३० टक्केच वायू या साठ्यातून येतो, बाकीचा नळांतून आणि जहाजांतून. ‘साठा ८० टक्के’ एवढंच छापलं की वाचणारा समजतो, हिवाळा जवळजवळ निभावला!

बेगमी मात्र चपखल. ‘साठा करणे’ला साठेबाजीचा वास येतो, बेगमीला पापड-सांडग्यांचा आणि सुक्या मासळीचा. बेगमी नेहमी पुढच्या अडचणीच्या दिवसांसाठी असते. आपली पावसाळ्याची, त्यांची थंडीची, एवढाच फरक. (गोव्यात हिलाच ‘पुरुमेंत’ म्हणतात. शब्द पोर्तुगीजांकडून आलेला.) अमेरिकेत एप्रिल ते ऑक्टोबर वायू जमिनीखाली भरतात आणि नोव्हेंबर ते मार्च बाहेर काढतात. या काढण्याला मी ‘उपसा’ म्हणेन. विहिरीला चालतो तो शब्द इथेही चालावा. ‘आहरण’ वगैरे नको.

जागेला काय म्हणावं? मला मोह होतो ‘पेव’ म्हणायचा. जमिनीत खणलेलं, अरुंद तोंडाचं, पोटात ऐसपैस असं धान्याचं कोठार. जर्मनीत एत्झेलला मिठाच्या थरात पाणी सोडून, मीठ विरघळवून पोकळ्या केल्या आहेत. ती तर हुबेहूब पेवंच. पण त्याच देशातल्या रेडेनला हा शब्द लावू नये. तिथे सुमारे ४ अब्ज घनमीटर वायू मावतो, तो पोकळीत नव्हे, तर उपसून रिकाम्या झालेल्या जुन्या वायुक्षेत्राच्या सच्छिद्र खडकात. पाणी मुरावं तसा तो खडकात मुरलेला असतो. तिथे साधं ‘भूगर्भातली साठवण’ बरं.

आणखी एक. साठवणीतला सगळा वायू उपसता येत नाही. दाब टिकावा म्हणून काही भाग कायम आतच ठेवावा लागतो. त्याला इंग्रजीत उशीवरून नाव आहे. ‘उशी-वायू’ असं भाषांतर मी वाचलं आणि हसलो. आपल्याकडे ‘मुद्दल’ असताना उशी कशाला? मुद्दलाला हात लावायचा नाही, हे मराठी माणसाला वेगळं समजवावं लागत नाही.

तेव्हा मूळ वाक्य मी असं लिहीन : ‘युरोपातली वायूची साठवण ८० टक्के भरली, हिवाळ्याची बेगमी सुरू.’