आजीविषयी लिहिताना ‘गृहिणी’ हा शब्द कमीपणाचा ठरतो का?

एका वाचकांनी विचारले आहे : ‘माझी आजी नुकतीच गेली. तिच्या आठवणींची छोटी पुस्तिका आम्ही नातवंडे काढत आहोत. माझे पहिले वाक्य असे आहे : “माझी आजी ही फक्त एक साधी गृहिणी होती.” धाकट्या भावंडांना “गृहिणी” हा शब्द कमीपणाचा वाटतो. त्यांनी “होममेकर” किंवा “गृहव्यवस्थापिका” असे सुचवले आहे. योग्य शब्द कोणता?’

माझे उत्तर असे की ‘गृहिणी’ हाच शब्द ठेवावा आणि वाक्यातले त्याच्या आधीचे तीन शब्द काढावेत. भावंडांना जो कमीपणा जाणवला तो खराच आहे, परंतु तो ‘फक्त’ आणि ‘साधी’ या दोन शब्दांतून आलेला आहे. ‘फक्त डॉक्टर होती’ असे लिहिले असते, तर तो शब्दही तितकाच उणा वाटला असता. तिसरा शब्द ‘एक’. मराठीत कोणाचा व्यवसाय किंवा भूमिका सांगताना ‘एक’ लागत नाही, ‘ती शिक्षिका होती’ एवढे पुरते. ‘एक गृहिणी होती’ म्हटले की अनेकींतली कोणीतरी एक, असा अर्थ नकळत डोकावतो, आणि आजीच्या बाबतीत तर तो मुळीच अभिप्रेत नाही.

आता शब्दाकडे वळू. ‘गृह’ या शब्दाला ‘इन्’ हा संस्कृत प्रत्यय लागून ‘गृहिन्’ आणि त्याचे स्त्रीलिंगी रूप ‘गृहिणी’ होते. हा प्रत्यय स्वामित्व किंवा युक्तता दाखवतो : धन असलेला तो धनी, ज्ञान असलेला तो ज्ञानी, पंख म्हणजे पक्ष असलेला तो पक्षी. त्या न्यायाने घर जिचे आहे ती गृहिणी. याउलट ‘गृहस्थ’ या शब्दातला ‘स्थ’ हा ‘राहणारा, स्थित’ या अर्थाचा आहे. म्हणजे केवळ व्युत्पत्तीने पाहिले तर घरात राहणारा तो गृहस्थ आणि घर बाळगणारी ती गृहिणी. पुढे मराठीत या दोन शब्दांच्या वाटा फार वेगळ्या झाल्या. ‘एक गृहस्थ भेटायला आले होते’ या वाक्यात घराचा संबंधच उरलेला नाही, तिथे गृहस्थ म्हणजे भला, प्रतिष्ठित पुरुष. ‘गृहिणी’ मात्र अर्ज-फॉर्मांतल्या ‘व्यवसाय’ या रकान्यात जाऊन बसली आणि तिथे तिचा अर्थ ‘पगाराची नोकरी न करणारी’ इतका आक्रसला. आपल्या भावंडांच्या कानाला खुपतो तो हा रकान्यातला अर्थ, आणि त्यांचे खुपणे मला समजते.

जुन्या वाङ्मयात हा अर्थ नाही. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त, चौथ्या अंकात, सासरी निघालेल्या शकुंतलेला कण्व जे सांगतात त्याच्या शेवटी ‘गृहिणीपद’ असा शब्द येतो. गृहिणी होणे म्हणजे वागणुकीने मिळवावे लागणारे पद, असा तिथला भाव आहे. (त्या उपदेशातले सगळे आज मान्य होणार नाही, पण शब्दाचे वजन त्यातून नक्की कळते.) आपल्या प्रश्नाला त्याहून जवळचा दाखला ‘रघुवंशा’च्या आठव्या सर्गात आहे. इंदुमतीच्या अकाली मृत्यूनंतर अज राजा शोक करतो आणि ती आपली कोण कोण होती हे मोजू लागतो : ‘गृहिणी सचिवः सखी मिथः प्रियशिष्या ललिते कलाविधौ’. माझी गृहिणी, सल्लागार, एकांतातली सखी, ललित कलांतली लाडकी शिष्या. तुला नेताना मृत्यूने माझे काय म्हणून नेले नाही? गेलेल्या माणसाला आठवताना ओठांवर आलेला पहिला शब्दच ‘गृहिणी’ आहे. आजीच्या स्मरणलेखात हा शब्द वापरण्याला यापेक्षा मोठा आधार मला माहीत नाही.

सुचवलेल्या पर्यायांविषयी थोडक्यात. ‘गृहव्यवस्थापिका’ हा शब्द व्याकरणाने चुकीचा नाही, पण तो कचेरीतल्या हुद्द्यासारखा ऐकू येतो आणि आजीला त्या हुद्द्याने कोणी कधी ओळखले नसेल. ‘होममेकर’चे शब्दशः भाषांतर करून काहीजण ‘गृहनिर्माती’ लिहितात, परंतु मराठीत ‘गृहनिर्माण’ म्हणजे इमारती बांधणे, हा अर्थ इतका पक्का झाला आहे की वाचक भलतीकडेच जाईल. मराठीची स्वतःची ‘घरधनीण’, ‘कारभारीण’ ही नावे सुंदर आहेत, मात्र त्यांत ‘बायको’ हा अर्थ मिसळलेला असल्यामुळे नातवंडाच्या लेखणीला ती जरा अवघड जातात.

खरे सांगायचे तर अशा लेखनात नामापेक्षा क्रियापदाला अधिक जपावे लागते, आणि या बाबतीत मराठी विशेष समृद्ध आहे. घर सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या आयुष्यात एकदाच घडलेल्या घटना थोड्या असतात आणि रोज घडणाऱ्या गोष्टी अगणित असतात. ‘उठली’, ‘केले’, ‘सांगितले’ ही रूपे एकदाच घडलेल्या गोष्टीची. रोजच्यासाठी आपल्याकडे रीतिभूतकाळ आहे : ती सर्वांच्या आधी उठे, कोणाचे काय दुखते ते विचारी, फाटलेले शिवी, उशिरा येणाऱ्यासाठी झाकून ठेवी. बोलण्यात आपण ‘उठायची’, ‘विचारायची’ म्हणतो. तेही तितकेच चांगले आहे आणि घरगुती लेखनाला ते अधिक शोभते. व्याकरणात ‘उठे, करी, ठेवी’ या रूपांना ई-आख्यात म्हणतात. जुन्या मराठीत हीच रूपे वर्तमानकाळाची होती आणि म्हणींत ती अजून तशीच राहिली आहेत : ‘दाम करी काम’ यातले ‘करी’ म्हणजे ‘करते’. ‘आजी करी’ यातले ‘करी’ म्हणजे ‘करत असे’. एकेकाळी जे रूप चालू काळाचे होते, तेच आज आपण आठवण सांगायला वापरतो. माझ्या आजीविषयी लिहिताना हे प्रथम लक्षात आले, तेव्हा मला बराच वेळ पुढचे वाक्य लिहवले नव्हते.

क्रियापदे निवडतानाही ‘घरकाम करायची’ या शब्दांवर थांबू नये. ‘आवरणे’ हेच पाहा. पसारा आवरतात, स्वयंपाकघर आवरतात, मुलांना आवरतात. आणि राग, रडू, हातचा खर्च हेही आवरतात. एकाच धातूत बाहेरची नीटनेटकी व्यवस्था आणि आतला संयम, दोन्ही आहेत. तसेच ‘निभावणे’, ‘पुरवून वापरणे’, ‘निगुतीने करणे’. कामाचा झपाटा सांगायचा असेल, तर ‘तिचा उरक मोठा होता’ या वाक्याची जागा कोणतेही विशेषण घेऊ शकणार नाही.

एक अडचण आपण विचारली नाही, पण लिहिताना ती येईलच. आजोबांविषयी आपण ‘आजोबा म्हणत’, ‘आजोबा आले’ असे आदरार्थी बहुवचन सहज लिहितो, कारण ‘आजोबा’ हा शब्दच ते मागतो. ‘आजी’ मात्र बहुतेक घरांत एकवचनी असते : आजी आली, आजी म्हणाली. औपचारिक मजकुरात ‘आजी अत्यंत प्रेमळ होत्या’ असे लिहिण्याची पद्धत आहे आणि त्यात चूक काहीच नाही, पण जिला आयुष्यभर ‘अगं आजी’ म्हटले तिला नातवंडाने ‘होत्या’ म्हणणे मला परके वाटते. ‘आजी’ हा शब्द मुळात ‘आर्यिका’, म्हणजे आदरणीय स्त्री, यापासून प्राकृत ‘अज्जिआ’मार्गे आलेला आहे, त्यामुळे आदर त्या नावातच आहे. आपण ‘होती’ लिहावे. प्रस्तावना दुसऱ्या कोणी लिहिली आणि तिथे ‘होत्या’ आले, तर ते तसेच राहू द्यावे. एकाच लेखात मात्र दोन्हींची सरमिसळ टाळावी.

छापण्यापूर्वी शुद्धलेखन पाहून घ्यावे : ‘हि’ ऱ्हस्व, ‘णी’ दीर्घ. ‘गृहणी’ ही चूक सर्रास आढळते आणि तिचाच ‘ग्रहणी’ झाला तर तो आयुर्वेदातला आतड्याचा एक भाग आणि त्याचा विकार यांचे नाव होतो. आपले पहिले वाक्य मी असे लिहिले असते : ‘माझी आजी गृहिणी होती.’ आणि दुसरे वाक्य लगेच रीतिभूतकाळात, ती रोज पहिल्यांदा काय करायची तिथून.