वाण, गुण अन् ते गुणसूत्र

काटोलकडून प्रश्न आलाय: ‘वाण नाही पण गुण लागला’मधला वाण अन् कृषी केंद्रात मागतो तो कपाशीचा वाण एकच का, अन् जीन एडिटिंगला, म्हणजे जिवाच्या स्वतःच्याच जीनमध्ये फेरबदल करण्याला, वाण बदलणं म्हणायचं का?

एकच. संस्कृत वर्णाचा प्राकृतात वण्ण झाला, वण्णाचा वाण. हळदीकुंकवाच्या वाणाशी नातं जोडणारे विद्वान साफ चुकतात, तो शब्द वायनावरून आलाय. पुरावा म्हणीतच आहे ना! ढवळ्या म्हणजे धवल, पांढरा. पवळ्या पोवळ्याच्या रंगाचा, तांबूस. शेजारी बांधल्यानं रंग नाही बदलला, खोड लागली. आमच्याच गोठ्यात पाहिलंय, एक बैल डवऱ्याला जुंपला की भर तासात बसकण मारायचा, अन् पुढच्या हंगामात त्याच्या जोडीचा धडधाकट गोऱ्हाही तसाच बसायला लागला.

आता खरी गंमत ऐका. 1888 मध्ये वाल्डायर या जर्मन शास्त्रज्ञानं पेशीतल्या, जीन वाहणाऱ्या धाग्यांसाठी क्रोमोसोम हा शब्द काढला, ग्रीकमध्ये क्रोमा म्हणजे रंग अन् सोमा म्हणजे देह, काहून तर ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना रंग धरतात. म्हणजे तिकडंही रंगच, आपला वाणच! अन् आपण काय केलं, तर गुणसूत्र. संस्कृतात गुण म्हणजेही दोरा अन् सूत्र म्हणजेही दोरा, ते एक जाऊ द्या, पण म्हण सांगते की गुण संगतीनं लागतो, जन्मासोबत येतो तो वाण. परिभाषा करणाऱ्यांनी गोठ्यात डोकावलं असतं तर वाणसूत्र म्हटलं असतं, मी तर तेच म्हणतो.

पारावर रोज ऐकतो, ‘दारू त्याच्या गुणसूत्रातच आहे, तो काय करणार.’ डोकं फिरते माझं! जुळ्यांच्या अभ्यासांत या व्यसनात वारशाचा वाटा साधारण निम्मा निघतो, पण तो माणसामाणसांतल्या फरकाचा हिशोब आहे, एकाच्या गळ्यातलं दावं नाही. ओढ वाणातून आली असेल, गुत्त्याकडं वळायचं का घराकडं हे त्यात लिहून नसते.

राहिलं एडिटिंग. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्याकडं गावोगावी माहीत आहे. त्यावरच्या क्रिस्पर, म्हणजे जीन नेमका कापून बदलायच्या तंत्राच्या, उपचाराला 2023 मध्ये ब्रिटननं पहिली परवानगी दिली, त्यात रक्त तयार करणाऱ्या पेशी रोग्याच्याच काढतात, जीन बदलून परत घालतात. ते पोराबाळांत उतरत नाही, म्हणून उपचार म्हणा. 2018 मध्ये चीनच्या हे जियानकुईनं भ्रूणातच बदल केला, मुली जन्मल्या, त्याला 3 वर्षांची कैद झाली. ते मात्र वाण बदलणं, अन् तेही ज्यांचा वाण त्यांना न विचारता, त्यांच्या लेकरांना न विचारता. हे मला साफ नामंजूर आहे.

अन् बीटी कपाशीला एडिटिंग म्हणू नका, तिथं मातीतल्या जिवाणूचा जीन बाहेरून घातलाय.