दहावीत अभ्यासाचा कंटाळा येत असेल तर गोडी कशी लावावी?

आपण रत्नागिरीजवळच्या किनाऱ्यावर राहता आणि दहावीच्या पुस्तकात मन रमत नाही, असे लिहिले आहे. माझ्या मते गोडी आधी लागत नाही. एखाद्या प्रश्नाचा पिच्छा पुरवला की ती मागाहून येते, म्हणून प्रश्न दारातलाच घ्यावा. आपल्याकडचे मच्छीमार तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात: पंचमीला सुमारे पावणेचार, अष्टमीला सहा, आणि पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. हा हिशेब खरा का ठरतो? चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा माथ्यावर येतो आणि पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे; हा थोडा फरक कुठे जातो, हे शोधताना दहावीच्या विज्ञानातला गुरुत्वाकर्षणाचा पहिलाच धडा आपोआप उघडावा लागेल. जेटीच्या खांबावर पाणी कुठवर चढले ते पंधरवडाभर वहीत टिपा, म्हणजे अमावास्येचे उधाण (सर्वांत मोठी भरती) आणि अष्टमीची भांग (सर्वांत लहान भरती) यांतला फरक स्वतःच्या आकड्यांत दिसेल. गुणांचा विचार तूर्त बाजूला ठेवा. नोंदी जुळल्या नाहीत, तर त्या घेऊन विज्ञानाच्या शिक्षकांकडे अवश्य जा. असा विद्यार्थी त्यांना मनापासून हवा असतो.