थायमोमाला हात लावण्याआधी

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

थायमोमाची, म्हणजे छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीतल्या गाठीची, केस तुझ्या नावावर लागली, हे ऐकून बरं वाटलं. दुर्बिणीतून करू की छातीचं हाड उघडून, असं तू विचारलंस. त्याआधी एक काम कर. उद्या राउंडला पेशंट बाईंना खुर्चीवर बसव आणि मिनिटभर छताकडे एकटक बघायला सांग. पापणी हळूहळू खाली येते का? मग एकापासून पन्नासपर्यंत मोठ्याने मोजायला लाव. पंचविशीच्या पुढे आवाज नाकातून येऊ लागला, तर भूलतज्ज्ञांना लगेच फोन कर. थायमोमाच्या साधारण तिघांतल्या एकाला मायस्थेनिया, म्हणजे वापरताच स्नायू थकवणारा आजार, असतो. तो न ओळखता टेबलावर घेतलं, तर गाठ निघते आणि पेशंट व्हेंटिलेटरवर अडकून पडतो. औषधांनी ताकद सुधारेपर्यंत तारीख पुढे गेली तरी चालेल; ही गाठ सहसा सावकाश वाढते.

सुईने तुकडा काढायचा आग्रह होईल. सीटीवर गाठ सुटी, सहज निघेलशी दिसत असेल तर नको म्हण. (तिथे पंचविशीतला मुलगा असता, तर आधी रक्तातलं एएफपी आणि बीटा-एचसीजी, म्हणजे गाठीचा प्रकार सुचवणाऱ्या तपासण्या. जर्म सेल ट्यूमर, म्हणजे बीजपेशींपासूनची गाठ, निघाली तर केमो आधी, सुरी नंतर. लिम्फोमाचा, म्हणजे लसीकापेशींच्या कॅन्सरचा, संशय असेल तर बायोप्सी हवीच.)

आता तुझा प्रश्न. १९३६ साली आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी मायस्थेनिया असलेल्या तरुणीची थायमसची गाठ हाड उघडूनच काढली. आज रोबोटही आहे. वाट कुठलीही घे, गाठीचं आवरण फाटू देऊ नकोस. उमेदीच्या काळात मी एकदा चिमट्याने गाठच धरून ओढली. आवरण फाटलं, आतला पिवळसर गर प्लुरात, म्हणजे फुप्फुसाभोवतीच्या अस्तरात, सांडला. धुतलं, पुसलं. सहा वर्षांनी ते गृहस्थ परत आले, तेव्हा प्लुरावर त्याच गाठीचे मसुराएवढे दाणे होते. ती सीटी अजून डोळ्यांपुढून हलत नाही. म्हणून सांगतो, भोवतालची चरबी धर, गाठ धरू नकोस, आणि अख्खा थायमस चरबीसकट एकसंध काढ. दुर्बिणीत ओढाताण होतेय असं वाटलं, तर त्याच क्षणी हाड उघड.

श्वासाचा पडदा हलवणाऱ्या दोन्ही फ्रेनिक नर्व्ह आधी शोध, मगच पुढे जा. मायस्थेनियात श्वासाचा पडदा लुळा पडणं फार महागात पडतं. नमुन्याला टाके घालून बाजू दाखव, नाहीतर पॅथॉलॉजिस्टला कड कुठली ते कळणार नाही. आणि बाईंना निदान दहा वर्षं तरी तपासणीला यायचंय, हे घरच्यांच्या कानावर आत्ताच घाल.

पापण्यांचं काय दिसलं, ते उद्या रात्री कळव.

तुझा,
सर